मदत हवी आहे : सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांतील माणसे

नमस्कार. आमच्या वाचनमंडळात मला सुधीर पटवर्धन यांच्या चित्रांवर बोलायचे आहे. १९४९ साली पुण्यात जन्मलेले पटवर्धन २००५ पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करीत चित्रे काढत राहिले; त्यामुळे त्यांची नजर डॉक्टरची आहे असे सर्रास म्हटले जाते, पण मला हे स्पष्टीकरण जरा सोयीचे वाटते. ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रात गिरणगावाचे बदलते रूप दिसते. मात्र माझ्याजवळची छापील प्रत पोस्टकार्डाएवढीच असल्याने त्यातले चेहरे पुसट झाले आहेत. हे चित्र कुणी प्रत्यक्ष पाहिले असल्यास माणसांची ठेवण आणि रंगांचा पोत कसा जाणवला, हे कृपया सविस्तर कळवावे. त्यांची एखादी मराठी मुलाखत ठाऊक असल्यास तीही सुचवावी.