१० चे घात टाइप करून थकले: मॅक्रो आणि शॉर्टकटबद्दल सल्ला हवा

वर्तकनगरची_विज्ञानबाई

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते, मराठी माध्यम आणि सेमी दोन्ही. संध्याकाळी अकरावीची काही मुलं घरी येतात. नोट्स आणि सराव प्रश्नपत्रिका सगळ्या मीच वर्डमध्ये टाइप करते. घाताचा अंक आला की तो सिलेक्ट करायचा, वर चढवायचा, पुन्हा खाली यायचं, मग कळफलक मराठीवर आणायचा. एका पानात हे तीस-चाळीस वेळा होतं.

वेळ जातो हे एक, पण धागा काढायचं कारण वेगळं आहे. मागच्या सराव परीक्षेचा एक प्रश्न मी वर्डमधून कॉपी करून सहकारी बाईंना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांनी तिथून उचलून पेपरात टाकला. मधल्या मध्ये वरचा अंक खाली उतरला आणि अवोगाद्रो अंक मुलांसमोर ६.०२२ × १०२३ असा छापून गेला. नववीतल्या एका मुलीने खरोखरच एक हजार तेवीसने गुणलं. पायऱ्या बरोबर, मोलची संख्या बरोबर, उत्तर चुकलेलं. गुण मी पूर्ण दिले, पण ती मला म्हणाली, "बाई, पुस्तकात तेवीस वर होता, पण मला वाटलं तुम्ही वेगळा अंक दिलाय." हे मला फार लागलं.

आता मेची सुट्टी आहे. वर्डमध्येच राहून काही सोय होईल का, की लाटेक (कमांड टाइप करून पानाची मांडणी करून घेणारी प्रणाली) शिकून घेऊ? माझं बहुतेक लेखन मराठीत असतं, हे लक्षात घेऊन सांगा.

रबाळे_लॅब

बाई, वर्ड सोडायची घाई करू नका. मी रबाळे एमआयडीसीत लॅबचे रिपोर्ट लिहितो, सगळे वर्डमध्येच.

पहिली गोष्ट, अंक सिलेक्ट करून वर चढवणं बंद करा. अल्ट दाबून बरोबरचं चिन्ह दाबलं की समीकरणाची चौकट उघडते. त्यात १०, मग टोपीचं चिन्ह (^), मग उणे १९ टाइप करून स्पेस दिली की घात आपोआप वर जातो. शिवाय त्या चौकटीत टाइप केलेला हायफन खऱ्या उणे चिन्हासारखा लांब दिसतो. गुणाकारासाठी उलटी तिरकी रेघ, पुढे टाइम्स, मग स्पेस. अल्फा, थीटा, लॅम्डा सगळं असंच नावाने.

दुसरी गोष्ट, नेहमीचे आकडे एकदाच नीट लिहून साठवून ठेवा. आकडा सिलेक्ट करा, अल्ट आणि एफ-३ दाबा, छोटं नाव द्या. साठवायची जागा विचारेल तिथे नॉर्मल टेम्प्लेट निवडा. पुढे कुठेही ते नाव टाइप करून एफ-३ दाबलं की घातासकट पूर्ण आकडा येतो. कॉम्प्युटर बदललात तर नॉर्मल टेम्प्लेटची फाईल सोबत न्या. मी ती विसरलो होतो आणि दोन वर्षांची यादी गेली.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पेस्ट करू नका, पीडीएफ पाठवा.

नौपाडा_डीटीपी

मी छपाईच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे नौपाड्यात क्लासवाल्यांची पुस्तकं येतात. वर्डची फाईल इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना सगळ्यात जास्त मार याच वरच्या अंकांना बसतो. ऑपरेटर पूर्ण मजकुराला आपली पॅराग्राफ स्टाइल लावतो, वेळ वाचवायला जुनं फॉरमॅटिंग पुसतो, आणि सगळे घात जमिनीवर येतात. प्रूफ वाचणारा विज्ञानाचा नसेल तर त्याला १०२३ मध्ये काहीच खटकत नाही.

इनडिझाइनमध्ये यावर चांगला इलाज आहे. पॅराग्राफ स्टाइलमध्येच ग्रेप स्टाइल म्हणून एक जागा असते. तिथे नियम लिहायचा: गुणाकाराचं चिन्ह, मग १०, आणि त्याच्यामागून येणारे उणे चिन्हासकटचे आकडे, यांना सुपरस्क्रिप्टची कॅरेक्टर स्टाइल लाव. एकदा लिहिला की पूर्ण पुस्तकात चालतो, नव्याने पेस्ट केलेल्या मजकुरालाही लागू होतो. रसायनशास्त्राच्या सूत्रांसाठी मी असाच दुसरा नियम केलाय, अक्षरामागचा अंक खाली नेणारा. तो मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावा लागतो, कारण इयत्ता आणि विभागांच्या नावांतले अंकही तो खाली नेतो.

ठाण्यात अजून बरीच दुकानं जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टवर काम करतात. तिथे फाईल देणार असाल तर वरचे सगळे उपाय वाया जातात. तयार पीडीएफ द्या, फॉन्ट एम्बेड केलेली.

खारघर_पीएचडी

मॅडम, मी लाटेक शिका असंच सांगेन. वर्डमधला साठवलेला आकडा पानावर टाकला की तो सुटा होतो, मूळ नोंद बदलली तरी पानावरचा बदलत नाही. लाटेकमध्ये पानावर फक्त नाव असतं. आकडा एकाच ठिकाणी राहतो.

सुरुवात अशी करा. ओव्हरलीफ या ब्राउझरमध्ये लाटेक चालवणाऱ्या साइटवर खातं उघडा, मेन्यूत कंपायलर झीलाटेक किंवा लुआलाटेक निवडा. मराठी त्यातच नीट उमटतं. फॉन्टसाठी शोभिका घ्या. तो आयआयटी मुंबईत तयार झालेला आहे, टेक लाइव्ह या लाटेकच्या तयार संचात असतो, वेगळा उतरवावा लागत नाही.

मग एसआय-युनिट-एक्स हे पॅकेज, म्हणजे आकडे आणि एककांसाठीच्या तयार कमांडचा संच. त्यात नम ही कमांड आहे: महिरपी कंसात ६.०२२, मग रोमन ई, मग २३ असं सलग लिहायचं, छापताना गुणाकार आणि घात तो स्वतः मांडतो. आकडे रोमनच हवेत, देवनागरी आकडे तो आपणहून ओळखत नाही. मी सूत्रांतले आकडे रोमन ठेवतो आणि मजकुरातले देवनागरी. एककासह आकडा हवा तर क्यू-टी-वाय कमांड. २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून हे नाव आलं, जुन्या लेखांत एस-आय नावाची कमांड दिसेल, ती अजून चालते.

एककं मात्र नावाने लिहा: मीटर, पर, सेकंड. तुम्ही सरळ एम, तिरकी रेघ, एस असं लिहिलंत तर तो ते जसंच्या तसं छापतो. नावाने लिहिलंत तर पॅकेजच्या पर-मोड या एका सेटिंगने पूर्ण पुस्तकातलं एम/एस बदलून एम एस उणे १ घात अशी मांडणी होते. दहावीला तिरकी रेघ आणि अकरावीला उणे घात, हे तुम्हाला दरवर्षी लागणार. त्याच नोट्स, एक ओळ बदलली की काम झालं.

रसायनशास्त्रासाठी एमएचकेम. त्याच्या सी-ई कमांडमध्ये सूत्र सरळ टाइप करा, अंक आपोआप खाली जातात, बाणही येतो.

आणि तुमच्या कळफलकाच्या त्रासावर खास उपाय: झीलाटेक आणि लुआलाटेकमध्ये कमांडचं नाव देवनागरीत ठेवता येतं. न्यूकमांड वापरून मी \अव असं नाव केलंय, त्यात अवोगाद्रो अंक. मराठी कळफलकावरून न हलता ती उलटी रेघ आणि दोन अक्षरं टाइप करतो. उलटी रेघ मराठी कळफलकावर सापडत नसेल तर तेवढं एक बटण नेमून घ्या.

वर्तकनगरची_विज्ञानबाई

खूप आभार सगळ्यांचे. चार दिवस बसले. देवनागरी नावाची गोष्ट कळली तेव्हा मला खरंच आनंद झाला. पण दोन ठिकाणी अडले.

एक, "\अवला भागा" असं लिहिलं तर अशी कमांडच नाही म्हणतो. दोन, सूत्रात पृथ्वीच्या वस्तुमानासाठी एमच्या पायाशी "पृ" लिहिलं तर छपाईत ते अक्षरच गायब. एरर काही नाही. मी तीनदा पान उघडून बघितलं.

खारघर_पीएचडी

दोन्ही अनुभव मलाही आलेत.

\अव च्या पुढे "ला" चिकटून आला की तो "अवला" हे एकच नाव समजतो, कारण त्याच्या लेखी ल हेही अक्षरच. मध्ये एक स्पेस द्या: \अव, स्पेस, ला. नावानंतरची स्पेस टेक (लाटेकच्या मुळाशी असलेला प्रोग्रॅम) गिळून टाकतो, त्यामुळे छापताना "ला" आकड्याला बरोबर चिकटतो. इंग्रजीत लिहिणारे या गिळलेल्या स्पेसमुळे वैतागतात आणि एक्सस्पेस नावाचं पॅकेज लावतात. तुम्ही ते लावू नका, विभक्तीचा प्रत्यय आकड्यापासून तुटेल. आपल्या भाषेला टेकची मूळ सवयच सोयीची आहे. जिथे खरोखर जागा हवी, जसं "\अव इतके रेणू", तिथे नावापुढे रिकामा महिरपी कंस ठेवा.

गायब अक्षराचं कारण असं की गणिताच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसतं. लॉग फाईलमध्ये मिसिंग कॅरॅक्टर अशी नोंद पडते, पण ती कोण बघतं. "पृ" टेक्स्ट कमांडच्या कंसात घाला. त्याहून चांगलं, \वपृ अशी एक कमांडच करा, कंस तिच्या आत.

नेरुळचे_काका

मी निवृत्त आहे, आयुष्य ट्रॉम्बेला प्रयोगशाळेत गेलं. टेक डॉनल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये आणलं, मॅक्रो, म्हणजे लांब मजकुराला दिलेलं छोटं नाव, त्यात पहिल्यापासून आहेत. लेस्ली लॅमपोर्ट यांचं लाटेक म्हणजे त्या टेकवर रचलेला मॅक्रोंचा मोठा संचच. तेव्हा मॅक्रो लिहिणं म्हणजे काहीतरी अवघड उद्योग, असं विज्ञानबाईंनी मानू नये.

एक सांगतो. मॅक्रोला दिसण्याचं नाव देऊ नका, अर्थाचं द्या. "दहाचा घात" असा मॅक्रो केला तर बोटांची मेहनत वाचते, पण प्रत्येक वेळी तेवीस की चोवीस हे तुम्हालाच आठवावं लागतं. "अवोगाद्रो" असा केला तर चुकायची जागाच उरत नाही. सदिशाचंही तसंच. शाळेच्या पुस्तकात बाण, पुढच्या पुस्तकांत ठळक अक्षर. मॅक्रोचं नाव "सदिश" ठेवा, आत बाण की ठळक ते नंतर ठरवा.

मी सगळे स्थिरांक एका वेगळ्या फाईलमध्ये ठेवत आलो. २० मे २०१९ पासून एसआय पद्धतीत प्लांकचा स्थिरांक, इलेक्ट्रॉनचा प्रभार, बोल्ट्झमनचा स्थिरांक आणि अवोगाद्रो यांच्या किमती कायमच्या निश्चित झाल्या. अवोगाद्रो आता ६.०२२१४०७६ × १० चा २३ वा घात, त्यात अनिश्चितता शून्य. त्या आठवड्यात माझ्या सगळ्या टिपणांत मी फक्त ती एक फाईल बदलली. गुरुत्व स्थिरांक जी मात्र अजून मोजूनच काढतात, तो निश्चित नाही. दहावीच्या मुलांना हा फरक जरूर सांगा, त्यांना आवडतो.

नावं ठेवताना एकाक्षरी रोमन नावं टाळा. सी आणि डी ही नावं लाटेकमध्ये आधीच उच्चारचिन्हांसाठी घेतलेली आहेत. प्रकाशाच्या वेगाला सी म्हणायला जाल तर न्यूकमांड अडवेल, ते त्याचं काम आहे. मग रागाने रिन्यूकमांड (आधीच्या कमांडचा अर्थ बदलणारी) लावू नका.

आणि वीस-पंचवीसच्या पुढे जाऊ नका. मी एका टिपणात दीडशे मॅक्रो केले होते, ते दोन वर्षांनी मलाच वाचता येईनात.

ऐरोली_थिसिस

काकांशी शंभर टक्के सहमत. माझ्या थिसिसमध्ये अजून एक भानगड झाली होती. फिजिक्स नावाचं पॅकेज आणि एसआय-युनिट-एक्स दोन्ही लावले. दोघांतही क्यू-टी-वाय नावाची कमांड, अर्थ वेगळे. सबमिशनच्या आदल्या रात्री हे कळलं. बाई, तुम्हाला फिजिक्स पॅकेजची गरजच नाही. कोणी सुचवलं तरी लावू नका.

खारघर_पीएचडी

हो, हे सांगायचं राहिलं होतं. आणि काका, देवनागरी आकडे घातात वर चढवायचे तर साध्या मजकुरात सोय नाही ना? रोमन आकड्यांना युनिकोडमध्ये वरचे अंक आहेत, ते व्हॉट्सअ‍ॅपवरही टिकतात.

नेरुळचे_काका

घातासाठी नाही. अक्षराच्या डोक्यावर बसणारे देवनागरी अंक युनिकोडमध्ये आहेत, पण ते सामवेदाच्या स्वरांकनासाठी. अक्षराला चिकटणारी चिन्हं आहेत ती, घात म्हणून वापरू नयेत. फोनवर पाठवायचंच झालं तर शब्दांत लिहा, "१० चा २३ वा घात". शब्द कुठल्याही पेस्टमध्ये खाली उतरत नाहीत.

वर्तकनगरची_विज्ञानबाई

आज कळवायला आले. नववीचं "द्रव्याचे मोजमाप" आणि दहावीचं "गुरुत्वाकर्षण", दोन्ही प्रकरणांच्या नोट्स लाटेकमध्ये झाल्या. एकूण चौदा मॅक्रो केले, सगळी नावं देवनागरी. स्थिरांकांची वेगळी फाईल केली. अकरावीसाठी पर-मोडची ओळ बदलून बघितली, पूर्ण पान पालटलं, बघतच राहिले. रबाळेकर, तातडीच्या सूचनांसाठी वर्ड ठेवलंय आणि तुमची एफ-३ची युक्ती रोज वापरते. नौपाडावाले, पीडीएफ घेऊन पुढच्या आठवड्यात येते.

त्या मुलीला मी सुट्टीत घरी बोलावलं होतं. ती आता दहावीत जाईल. गुरुत्वाकर्षणाचा कच्चा खर्डा तिच्या हातात दिला आणि म्हटलं, प्रत्येक घात पुस्तकाशी ताडून बघ. दोन तास बसली होती. एका उदाहरणात जीची किंमत मी मॅक्रो न वापरता हाताने टाइप केली होती, तिथे उणे ११ च्या जागी उणे १२ झालं होतं. तिने पेन्सिलीने गोल केला आणि पान माझ्यापुढे सरकवलं.