अर्ल पामर यांना जॅझवादक म्हणावे का?

तबकडीवेडा (प्रश्न)

गेला महिनाभर मी फॅट्स डॉमिनो आणि लिटल रिचर्ड या अमेरिकन रॉक-अँड-रोल गायकांची जुनी ध्वनिमुद्रणे क्रमाने ऐकतो आहे. दोघांच्याही बऱ्याच गाजलेल्या गाण्यांवर ड्रम वाजवणारा माणूस एकच, न्यू ऑर्लीन्सचे अर्ल पामर (१९२४–२००८), हे कळल्यावर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले. रॉक-अँड-रोलच्या ठेक्याचे श्रेय ज्यांना सर्रास दिले जाते, ते स्वतःला मात्र जॅझवादकच मानत होते, हे वाचून मी बुचकळ्यात पडलो. मन जॅझमध्ये आणि आयुष्यभराची कमाई दुसऱ्यांच्या गाण्यांतून, असे असेल तर या कारकिर्दीला पोटापाण्यासाठी केलेली तडजोड म्हणायचे का? स्टुडिओत बोलावल्यावर जाऊन वाजवणाऱ्या वादकाचे काम प्रत्यक्षात कसे चालत असे, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

दुसरी मात्रा

तडजोड म्हणण्याआधी त्यांची सुरुवात पाहावी लागेल. पामर हातात काठ्या घेण्याआधी पायांनी वाजवत होते. लहानपणीच ते आईबरोबर फिरत्या रंगमंचीय खेळांत टॅप नृत्य करत असत. दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर माजी सैनिकांना मिळणाऱ्या सरकारी शिक्षणवेतनावर त्यांनी न्यू ऑर्लीन्सच्या ग्रुनवाल्ड संगीत विद्यालयात रीतसर शिक्षण घेतले आणि स्वरलेखन वाचायला शिकले. पुढच्या सगळ्या कमाईचा पाया हा होता, कारण समोर ठेवलेला कागद पहिल्या नजरेत वाचता येणाऱ्या ड्रमवादकालाच पुन्हा पुन्हा बोलावणे येते.

ट्रंपेटवादक डेव्ह बार्थोलोम्यू यांच्या वाद्यवृंदातून ते ध्वनिमुद्रक कोसिमो मटासा यांच्या न्यू ऑर्लीन्समधल्या स्टुडिओत पोचले. रॅम्पार्ट आणि ड्यूमेन या रस्त्यांच्या कोपऱ्यावरच्या दुकानामागची ती एक लहानशी खोली होती. प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करण्याची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे गायकासकट सगळे एकदम वाजवत आणि ड्रमवाल्याचा हात एकदा चुकला की सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. डिसेंबर १९४९ मध्ये तिथे फॅट्स डॉमिनो यांचे ‘द फॅट मॅन’ मुद्रित झाले आणि त्यात पामर यांनी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा जोरकस ठोका गाणे संपेपर्यंत सोडला नाही.

आता मुद्द्याचे सांगतो. हा ठोका न्यू ऑर्लीन्सच्या पारंपरिक जॅझमध्ये होताच, फक्त तो शेवटच्या आवर्तनात, सगळी वाद्ये एकदम उसळतात तेव्हा येत असे. पामर यांनी ते शेवटचे आवर्तन उचलले आणि गाणेभर पसरले. त्यामुळे त्यांनी जॅझ सोडून दुसरे काही धरले, असे मला वाटत नाही. घरातलीच वस्तू त्यांनी वेगळ्या जागी मांडली.

तिरकिट

मी तबला वाजवतो, त्यामुळे दुसरी मात्रा यांच्या उत्तराला तालाच्या अंगाने थोडी जोड देतो. जॅझमधला किंवा ब्लूजमधला ‘शफल’ म्हणजे एका मात्रेचे तीन समान भाग करून मधला गाळायचा, म्हणजे ‘धा–गे, धा–गे’ असा झुलता ठेका मिळतो. आपल्याकडचा केरवाही अनेकदा असाच झुलत वाजतो. रॉकचा ठेका याउलट मात्रेचे सरळ दोन तुकडे करतो.

सप्टेंबर १९५५ मध्ये मुद्रित झालेले ‘टुटी फ्रुटी’ हेडफोन लावून ऐका. लिटल रिचर्ड पियानोवर सरळ दोनाचे आघात करत सुटले आहेत आणि पामर खाली अजून शफलच वाजवत आहेत. तिश्र (तिनाची चाल) आणि चतुश्र (दोन-चाराची चाल) एकाच खोलीत शेजारी शेजारी चालले आहेत. पामर यांनी पुढे स्वतःच सांगितले होते की, आपण तो सरळ ठेका धरला तो केवळ रिचर्ड यांच्या उजव्या हाताशी जुळवून घेण्यासाठी, आणि ‘टुटी फ्रुटी’तही आपण तो धरायला हवा होता. १९५७ साली बाजारात आलेल्या ‘लुसिल’मध्ये दोघे एका वाटेवर आलेले दिसतात.

माझ्या मते ही सवय जॅझचीच आहे. बरोबरचा वादक काय करतो आहे हे ऐकून आपला हात बदलणे, हे जॅझच्या साथीत पहिल्या दिवसापासून करावे लागते. आमच्याकडे जो तबलजी गायकाच्या आधी आपलीच तयारी दाखवतो, त्याला दुसऱ्या मैफलीचे निमंत्रण येत नाही.

तबकडीवेडा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पण हे सगळे न्यू ऑर्लीन्सचे झाले. लॉस एंजेलिसला गेल्यानंतर चित्रपट, दूरचित्रवाणी, पॉप गाणी, जे येईल ते त्यांनी वाजवले. त्यात जॅझ कुठे शोधायचा? तिथे तर पाट्या टाकण्याचाच प्रकार झाला असेल ना?

शिफ्टची वही

‘पाट्या टाकणे’ हा शब्द मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. पामर १९५७ मध्ये अलादीन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या कामासाठी लॉस एंजेलिसला आले. तिथल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय वादकांच्या वेगवेगळ्या संघटना चारच वर्षांपूर्वी, १९५३ मध्ये, एकत्र झाल्या होत्या आणि ते एकत्रीकरण घडवण्यात जॅझवादकांचाच पुढाकार होता. मोठ्या स्टुडिओंचे दार कृष्णवर्णीय वादकाला उघडण्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

संघटनेच्या करारानुसार एक सत्र साधारण तीन तासांचे असे, तेवढ्यात पंधरा मिनिटांचे विक्रीयोग्य संगीत तयार व्हावे अशी अपेक्षा असे आणि त्यासाठी किमान बिदागी ठरलेली असे. तबकडीच्या लाखो प्रती खपल्या तरी विक्रीतला वाटा वादकाला मिळत नसे, आणि वेष्टनावर बहुधा नावही नसे. १९५८ मधले रिची व्हॅलेन्स यांचे ‘ला बाम्बा’ आणि १९६४ मधले राइचस ब्रदर्स यांचे ‘यू हॅव लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन’ या दोन्हींवर पामरच आहेत. पहिले नाचरे आणि दुसरे इतके संथ की दोन ठोक्यांमधली जागा तोलून धरणे हीच कसोटी. पाट्या टाकणाऱ्याचे ते काम नव्हे.

आपल्याकडे हा प्रकार अगदीच अपरिचित नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईतल्या हॉटेलांमधला जॅझ ओसरत गेला आणि अनेक गोवेकर व पारशी वादकांना चित्रपटांच्या स्टुडिओंनी आधार दिला. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते आणि ‘अलबेला’त (१९५१) आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. कावस लॉर्ड आणि त्यांची मुले केरसी व बुजी यांनी तालवाद्यांची बाजू वर्षानुवर्षे सांभाळली. गिरगावात आमच्या शेजारी एक गोवेकर ड्रमवादक राहत असत. फळीवर जुन्या टायरचा तुकडा ठोकून ते त्यावर पहाटे सराव करत, म्हणजे चाळीतल्या कोणाची झोप मोडू नये. त्यांच्या शिफ्टच्या वहीत तारीख, तास आणि रक्कम एवढेच असे; गाण्याचे नाव त्यांना स्वतःलाही बहुधा माहीत नसे. काही रकमांपुढे ‘बाकी’ असे लिहिलेले होते, ते त्यांच्या निधनापर्यंत तसेच राहिले.

पामर यांना या हिशेबाचे महत्त्व पुरते कळले होते. १९८२ मध्ये त्यांनी वादक संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेच्या खजिनदारपदाची निवडणूक लढवली आणि जिंकली. त्याच सुमाराला खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वापरणारे रॉजर लिन यांचे ड्रमयंत्र स्टुडिओंमध्ये शिरले होते आणि तीन तासांच्या बोलावण्यांची संख्या घटत होती.

दुसरी मात्रा

शिफ्टची वही यांनी निवडणुकीचा उल्लेख केला, तो फार कमी ठिकाणी होतो. सन्मान मात्र उशिरा आला. २००० साली रॉक-अँड-रोलच्या सन्मान-दालनात साथीच्या वादकांना पहिल्यांदाच जागा दिली गेली, तेव्हा निवडलेल्या पाच जणांत पामर होते. जॅझमध्ये वाढलेल्या माणसाचा सत्कार रॉकच्या दालनात व्हावा, यात तबकडीवेडा यांच्या मूळ प्रश्नातली गंमत अबाधित राहतेच.

तबकडीवेडा

काल रात्री ‘टुटी फ्रुटी’ सलग सहा वेळा ऐकले. तिरकिट म्हणतात तो बेबनाव चौथ्या वेळी कानांना सापडला आणि आता तो ऐकू न येणे अशक्य झाले आहे. ‘पाट्या टाकणे’ हे शब्द मी मागे घेतो. लॉस एंजेलिसच्या काळातले, जॅझ स्पष्ट ऐकू येईल असे एखादे गाणे सुचवाल का?

शिफ्टची वही

१९८६ साली आलेल्या एल्व्हिस कॉस्टेलो यांच्या ‘किंग ऑफ अमेरिका’मधले ‘पॉइझन्ड रोझ’ ऐका. गायक इंग्लंडचा, नव्या पिढीतला. बासवर जॅझ पियानोवादक ऑस्कर पीटरसन यांच्या त्रयीतले रे ब्राउन आणि ड्रमवर साठीत पोचलेले पामर. पहिल्यांदा गाणे ऐका, दुसऱ्यांदा फक्त बास आणि ड्रम ऐका.