जुन्या फियाटचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? सोलापूरकरांनी मत द्या

जुळेसोलापूरकर (धागाकर्ता)
घरी प्रीमियर पद्मिनी आहे, म्हणजे आपली जुनी फियाट, पेट्रोल, १०८९ सीसी. वडिलांनी घेतलेली. रोज नाही, पण आठवड्यातून एक-दोनदा निघते. अक्कलकोट, तुळजापूर, कधी पंढरपूर.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे भांडायला सोपं. गाडी चालवायची असेल तर पॉइंट (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधले, कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे दोन तुकडे) काढा. शेडमध्ये पुसून ठेवायची असेल तर राहू द्या.

कारण साधं आहे. चार सिलिंडरच्या इंजिनाला ३००० आरपीएमवर मिनिटाला ६००० ठिणग्या लागतात, म्हणजे सेकंदाला १००. तितक्या वेळा ते दोन इवलेसे पॉइंट तीन-चार अँपिअर करंट तोडतात. वर पॉइंटचा फायबरचा ठोकळा सारखा कॅमवर घासतो. ठोकळा झिजला की गॅप कमी होतो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं, पिकअप जातो. हे इतकं हळू होतं की चालवणाऱ्याला कळतही नाही. 'गाडी म्हातारी झाली' म्हणून आपण सोडून देतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये घासणारं काही नाही. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर मॅग्नेटची रिंग, शेजारी सेन्सरवालं मॉड्यूल. एकदा टायमिंग लावलं की विषय संपला.

विजापूरवेस
मालक, विषय संपला म्हणताय, पण तो तुळजापूरच्या घाटात संपला तर काय करणार?

पॉइंट जाताना सांगून जातात. आधी मिसिंग येतं (मधूनच ठिणगी चुकते), मग सायलेन्सरमधून फटाके, मग सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो. तुम्हाला आठ-पंधरा दिवस मिळतात. मॉड्यूल जातं ते चालता चालता, गपकन. मग टो करून आणण्याशिवाय हातात काही नाही.

पॉइंट मी रस्त्यात उभं राहून साफ केलेत. डिस्ट्रिब्युटरची कॅप काढायची, बारीक कानस नाहीतर पॉलिश पेपर फिरवायचा, फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) नसेल तर व्हिजिटिंग कार्ड घालून गॅप धरायचा. गाडी घरापर्यंत येतेच. आणि बॅटरी बसली, चार माणसांनी धक्का दिला, तर पॉइंटवाली गाडी उरल्यासुरल्या करंटवरही पेटते. बऱ्याच मॉड्यूलला ठरावीक व्होल्टेज मिळालं नाही तर ते ठिणगीच सोडत नाही. याचं उत्तर द्या.

जुळेसोलापूरकर
देतो. तुम्ही रस्त्यात पॉइंट साफ करता कारण तुम्हाला येतं. आता सात रस्ता ते अशोक चौक फिरा आणि फीलर गेज हातात धरून पॉइंट सेट करणारा फिटर शोधा. जे होते ते थकले. त्यांच्या पोरांना बॉनेट उघडल्यावर स्कॅनर लावायची जागा सापडत नाही आणि ती माझ्याकडे बघत बसतात. 'कुठेही दुरुस्त होतं' हा पॉइंटचा सगळ्यात मोठा गुण होता, मान्य. पण तो पॉइंटचा गुण नव्हताच, तो दुरुस्त करणाऱ्याचा होता. तो माणूसच राहिला नाही तर गुण घेऊन करायचं काय?

लेथवाला_एमआयडीसी
दोघांचंही ऐकलं. दोघंही झाकण उघडून वरवर बघताय.

शाफ्ट हातात धरून आडवा हलवून बघितला का कोणी? या गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) चाळीस वर्षांत झिजून गेलेलं असतं. शाफ्ट डुलतो, त्यामुळे प्रत्येक सिलिंडरला गॅप वेगळा पडतो. मग फिटर १५ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) गॅप लावून देतो, दोन दिवसांत परत मिसिंग, आणि शिव्या पॉइंटला. इलेक्ट्रॉनिक बसवल्यावर फरक का पडतो? सेन्सरला शाफ्टचं थोडं आडवं डुलणं चालतं, पॉइंटला चालत नाही. म्हणजे आजार तसाच, फक्त दुखणं दबलं. बुश नवीन करून घ्या. यंत्रमागाचे पार्ट करणारे इतके लेथवाले या गावात आहेत, त्यांना हे काम अवघड नाही.

दुसरं. आत, पॉइंट ज्यावर बसतात त्या बेसप्लेटला अर्थिंग देणारी एक गुंफलेली बारीक वायर असते. व्हॅक्यूमने प्लेट पुढेमागे होते तशी ही वायर वाकत राहते आणि आतून तुटते, वरून धड दिसते. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मिसिंग, सोडला की गाडी ठीक. या एका वायरपायी लोकांनी कॉइल बदलल्यात, प्लग बदललेत, कार्ब्युरेटर खोललेत. मॉड्यूलही बहुतेक त्याच प्लेटवर बसतं, त्यामुळे वायर तुटकी असेल तर नवीन किट बसवूनही मिसिंग तसंच राहणार. मीटर लावून बघा, वायर हलवत बघा.

पार्कचौक_क्लासिक
मला कोणी तांत्रिक शिकवू नका, मूळ वस्तू मूळच राहावी. उद्या गाडी विंटेजमध्ये नोंदवायची म्हटली तर? २०२१ च्या केंद्राच्या नियमात ५० वर्षांहून जुनी आणि मोठा फेरफार न केलेली गाडीच बसते.

जुळेसोलापूरकर
@पार्कचौक, नियम मीही वाचलाय. फेरफार म्हणजे चेसिस, बॉडी, इंजिन. कॅपखालचं मॉड्यूल अर्ध्या तासात काढून पॉइंट परत बसतात, एक भोकही पाडावं लागत नाही. शिवाय पद्मिनी हे नावच १९७४ चं, म्हणजे पहिल्यावहिल्या पद्मिनी आत्ता कुठे पन्नाशीला टेकल्यात. माझी ऐंशीच्या दशकातली, तिला अजून वेळ आहे. आणि विंटेज नंबर घेतला की रोजच्या वापराला बंदी. मला भाजी आणायला जायचंय हो.

अ‍ॅम्बीवाली
आमच्याकडे अ‍ॅम्बॅसिडर, १४८९ सीसी पेट्रोल. इलेक्ट्रॉनिक बसवून बरेच उन्हाळे झाले, परत पॉइंटकडे जाणार नाही. पण बसवताना जे दुकानदार सांगत नाही ते सांगते.

कॉइलचा रेझिस्टन्स मोजा. तीन ओमच्या आसपास असेल तर सरळ काम. दीड असेल तर ती बॅलास्ट रेझिस्टरसोबत (कॉइलचा करंट कमी करणारा जोड) चालणारी कॉइल आहे, मॉड्यूलला चालेल का ते आधी विचारा. तांब्याच्या तारेच्या प्लग वायर काढून रेझिस्टन्सवाल्या घाला. पन्नास-साठच्या दशकातल्या ब्रिटिश घडणीच्या बऱ्याच गाड्यांना बॉडीला बॅटरीचा पॉझिटिव्ह जोडलेला असतो, तिथे नेहमीचं मॉड्यूल लावलं तर ते पहिल्याच चावीला जळतं. आणि इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसू नका. पॉइंट असोत वा मॉड्यूल, कॉइल तापतेच.

मायलेजच्या जाहिरातींवर जाऊ नका. नवीन, नीट लावलेले पॉइंट आणि इलेक्ट्रॉनिक यांच्यात पहिल्या दिवशी मला काहीही फरक जाणवला नव्हता. फरक सहा महिन्यांनी कळतो, जेव्हा पॉइंट सरकलेले असतात.

विजापूरवेस
ताई, सोलापूरचा मे महिना विसरलात. ४३-४४ अंशात, बॉनेटखाली, इंजिनाला चिकटून ते इलेक्ट्रॉनिक किती टिकतं?

अ‍ॅम्बीवाली
मॉड्यूलखाली हीट पेस्ट लावायची असते, ती बसवणारे विसरतात. पण दादा, उन्हात बंद पडणाऱ्या जुन्या गाड्यांपैकी बऱ्याच करंटमुळे नाही, पेट्रोलमुळे बंद पडतात. पंपात नाहीतर पाइपात पेट्रोलची वाफ होते. गाडी बंद पडली की आधी पंपावर ओलं फडकं टाका. पाच मिनिटांत पेटली तर मॉड्यूलला नावं ठेवायची नाहीत. उन्हात पॉइंटसोबतचा कंडेन्सरही जातो, आणि जाताना पॉइंटसारखा सांगत नाही बरं का.

विजापूरवेस
कंडेन्सरचं खरंय. हल्ली दुकानात मिळणारे तर डबीतूनच मेलेले निघतात. म्हणून मी जुना, चालू असलेला, काढून जपून ठेवतो. पण माझा मूळ प्रश्न तिथेच आहे. मॉड्यूल गेलं तर रस्त्यात काय?

जुळेसोलापूरकर
पॉइंटची प्लेट डिकीत ठेवायची, गॅप आधीच लावून.

लेथवाला_एमआयडीसी
नाही चालत. एका शाफ्टवर लावलेला गॅप दुसऱ्यावर तसाच बसत नाही. बसवल्यावर बघावाच लागतो, म्हणजे फीलर गेज आलाच, आणि तो वापरता येणारा माणूसही. ठेवायचाच तर दुसरा अख्खा डिस्ट्रिब्युटर ठेवा, याच इंजिनावर टायमिंग लावून, बॉडीवर खूण करून. खूण जुळवून घातला की गाडी चालू.

विजापूरवेस
म्हणजे पॉइंटवाला अख्खा डिस्ट्रिब्युटर डिकीत घेऊन फिरायचं, कारण पॉइंट भरवशाचे नाहीत?

जुळेसोलापूरकर
दादा, स्टेपनी घेऊन फिरता तेव्हा टायर भरवशाचे नाहीत म्हणून चाकं काढून टाकता का? लेथवाले, बुशचं काम तुम्हीच करून देता का? मेसेज करतो. जुन्या बाजारात दुसरा डिस्ट्रिब्युटर कोणाला दिसला तर फियाटचाच बघा, कॅपसकट.