झेडएफएसवर फोल्डर उडाला, रोलबॅक करू का?

प्रश्न
सर्व्हरवर झेडएफएस ही फाइल सिस्टीम आहे, दर तासाला आपोआप स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या फाइलींची गोठवलेली स्थिती) निघतो. पावणेतीनला ‘आरएम -आरएफ’ (न विचारता सगळं पुसणारी कमांड) चुकीच्या पाथवर चालला आणि ‘प्रकल्प’ हा अख्खा फोल्डर गेला. २ वाजताचा स्नॅपशॉट यादीत आहे. पण त्यानंतर बाकीच्या फोल्डरांत बरंच काम झालंय, ते घालवायचं नाही. रोलबॅक केला, म्हणजे त्या स्नॅपशॉटला मागे नेलं, तर काय होईल? आणि स्नॅपशॉट ज्यात दिसतात तो डॉट-झेडएफएस नावाचा फोल्डर ‘एलएस -ए’मध्येही दिसत नाही, तो असतो कुठे?

प्रतिसाद १
रोलबॅक अजिबात नको. तो एका फोल्डरपुरता होत नाही, सगळा डेटासेट (झेडएफएसमधली एक स्वतंत्र फाइल सिस्टीम) २ वाजताच्या स्थितीला जातो. २ नंतर दर तासाला निघालेले नवे स्नॅपशॉट असतील तर कमांड आधी नकार देईल आणि ‘-आर’ लावायला सुचवेल. ते लावलंत की हे नवे स्नॅपशॉटही कायमचे जातील.

आधी २ च्या स्नॅपशॉटवर ‘झेडएफएस होल्ड’ लावा, त्याला द्यायचा टॅग (नाव) कोणताही चालेल. जुने स्नॅपशॉट साफ करणारी स्क्रिप्ट मधेच चालली तरी होल्ड असलेला तिला काढता येत नाही.

डॉट-झेडएफएस डेटासेटच्या माउंटपॉइंटच्या (डेटासेट ज्या फोल्डरवर जोडलेला असतो त्याच्या) मुळाशीच असतो. ‘स्नॅपडिर’ प्रॉपर्टी ‘हिडन’ असेल तर तो यादीत येत नाही, पण पूर्ण नाव टाइप करून ‘सीडी’ केलं की आत जाता येतं. आत ‘स्नॅपशॉट’, त्यात प्रत्येक स्नॅपशॉटच्या नावाचा फोल्डर. तिथून ‘सीपी -ए’नेच कॉपी करा, नाहीतर मालकी आणि तारखा बदलतील. आधी वेगळ्या नावाने उतरवा, तपासा, मग नाव बदला. पूलमध्ये (सगळे डेटासेट ज्यातून जागा घेतात त्या डिस्कसाठ्यात) जागा आहे ना, तेही बघा: पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झालेली नाही, ती स्नॅपशॉटने धरून ठेवलीय.

प्रश्नकर्ता
होल्ड लावला, कॉपी झाली. पण आतला ‘डेटा’ फोल्डर रिकामा आलाय. त्यात पोस्टग्रेस डेटाबेस होता.

प्रतिसाद २
म्हणजे ‘डेटा’ हा पालक डेटासेटच्या आत जोडलेला वेगळा चाइल्ड डेटासेट असणार, ‘झेडएफएस लिस्ट’मध्ये खात्री करा. तसं असेल तर आरएमने तिथे ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हटलं असेल: आतलं पुसलं गेलं, माउंटपॉइंट तेवढा राहिला. पालकाच्या स्नॅपशॉटमध्ये अशा ठिकाणी नुसता रिकामा फोल्डर दिसतो. ‘डेटा’च्या मुळाशी त्याचा स्वतःचा डॉट-झेडएफएस आहे, तिथे शोधा. अर्थात स्नॅपशॉट रिकर्सिव, म्हणजे चाइल्ड डेटासेटसकट, घेतले जात असतील तरच २ चा सापडेल.

प्रतिसाद १
आणि त्यावरही लगेच होल्ड. पोस्टग्रेसच्या सुट्या फाइली उचलू नका, टेबल, इंडेक्स आणि वॉल (पोस्टग्रेसचा बदलांची आधी नोंद ठेवणारा लॉग) यांचा मेळ बसणार नाही. ‘झेडएफएस क्लोन’ने स्नॅपशॉटचा लिहिता येणारा डेटासेट करा, त्यातली जुनी पोस्टमास्टर पीआयडी फाइल (सर्व्हर चालू असल्याची खूण) काढा आणि त्याच आवृत्तीचं पोस्टग्रेस वेगळ्या पोर्टवर त्यावर सुरू करा. वॉल त्याच डेटासेटमध्ये असेल तर अचानक वीज गेल्यावर जशी रिकव्हरी होते तशी होईल. मग डंप घ्या, म्हणजे डेटा फाइलीत बाहेर काढा. काम झाल्यावर आधी क्लोन काढा, मग होल्ड सोडा. तो तसाच राहिला तर ती जागा कधीच सुटणार नाही.