सपोर्ट प्रोजेक्ट, जुना कोड आणि आपण : तरुण प्रोग्रॅमरांचे अनुभव

संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन कंपनीत रुजू होताना आपण काहीतरी नवे घडवणार, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. प्रत्यक्षात प्रशिक्षण संपल्यावर हाती येतो तो वर्षानुवर्षे चालू असलेला, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला कोड, आणि तो लिहिणारा माणूस बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो. "सपोर्ट प्रोजेक्ट मिळाला की करिअर बसले" हे वाक्य आपण सीनियर मंडळींकडून इतक्या वेळा ऐकलेले असते, की असे काम मिळाल्यावर अनेकांचा पहिलाच महिना खचण्यात जातो.

मी पुण्यात काही वर्षे असेच काम करतो आहे आणि माझे मत या वाक्याच्या विरुद्ध बनले आहे. कोड लिहायला आपल्याला शिकवतात, वाचायला कुणी शिकवत नाही. मुलाखतीत त्याची परीक्षा होत नाही, अप्रेझलच्या तक्त्यात त्याचा रकाना नसतो, आणि तरीही दिवसाचा मोठा भाग वाचण्यातच जातो. म्हणून दुसऱ्याचा कोड सांभाळताना आपण काय शिकलात आणि त्याचा आपल्या नोकरीविषयीच्या निर्णयांवर काय परिणाम झाला, हे येथे लिहावे अशी विनंती आहे. कंपनीचे किंवा क्लायंटचे नाव कृपया लिहू नये.

सुरुवात मीच करतो. आमच्या बिलांच्या प्रणालीत "तारीख १ जुलै २०१७ च्या आधीची असल्यास" अशी अट असलेला कोडचा एक मोठा तुकडा होता. नव्याने आलेल्या एका सहकाऱ्याला तो मृत कोड वाटला आणि काढून टाकावा असे त्याने सुचवले. गिटमध्ये, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, त्या ओळींचा इतिहास पाहिला, तेव्हा जीएसटी त्या दिवशी लागू झाला आणि त्याआधीच्या बिलांचे अहवाल पुन्हा काढताना जुनेच कर दिसले पाहिजेत, असे लिहिणाऱ्याने कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात दोन वाक्यांत नोंदवलेले सापडले. ती दोन वाक्ये नसती तर आम्ही तो तुकडा काढला असता आणि पुढच्या लेखापरीक्षणात त्याचा शोध लागला असता. तेव्हापासून मी कमिटचा संदेश कोडइतक्याच काळजीने लिहितो.

विमा क्षेत्र, मेनफ्रेम (मूळची सोलापूरची, सध्या पुण्यात)

प्रशिक्षणात आम्हाला जावा शिकवले गेले आणि नंतर बेंचवरून (प्रकल्पाच्या प्रतीक्षेत बसलेल्यांतून) माझी नेमणूक मेनफ्रेम म्हणजे मोठ्या संस्थांच्या मध्यवर्ती संगणकावर चालणाऱ्या कोबॉलच्या प्रकल्पावर झाली. या भाषेच्या रचनेचे काम १९५९ साली सुरू झाले. ओळीचे पहिले सहा स्तंभ क्रमांकासाठी, सातवा टिपणीच्या खुणेसाठी आणि प्रत्यक्ष कोड आठव्यापासून बहात्तराव्या स्तंभापर्यंत, ही शिस्त पंचकार्डांच्या, म्हणजे कार्डांना भोके पाडून प्रोग्रॅम भरण्याच्या, काळातून आलेली आहे हे समजल्यावर तिच्यावरचा माझा राग मावळला.

आमच्याकडे काही फायलींत वर्ष दोनच अंकांत साठवलेले आहे. २००० साल जवळ आले तेव्हा सगळ्या जुन्या नोंदी चार अंकी करण्याऐवजी प्रोग्रॅममध्ये एक मर्यादा ठरवण्यात आली : साठवलेले वर्ष ४० पेक्षा कमी असेल तर ते २०००च्या पुढचे, अन्यथा १९००च्या पुढचे धरायचे. त्या वेळी २०४० फार दूर होते. मात्र विम्याची मुदत मोठी असते, त्यामुळे २०१६ मध्ये घेतलेली पंचवीस वर्षांची पॉलिसी २०४१ मध्ये पूर्ण होते आणि हा नियम तिची मुदत १९४१ मध्येच संपली असे समजतो. मुख्य प्रोग्रॅममध्ये ही मर्यादा कुणीतरी आधीच पुढे सरकवली होती, परंतु वर्षअखेरीच्या एका अहवालात जुनाच नियम राहिला होता. दुसऱ्याच एका टिकेटसाठी (नोंदवलेल्या तक्रारीसाठी) तो प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून वाचताना तो माझ्या लक्षात आला, आणि त्यानंतर हा नियम कोठे कोठे वापरला आहे याची पूर्ण यादी करण्याचे काम मी मागून घेतले. कोडच्या त्या परिच्छेदावर १९९८ सालची टिपणी होती आणि ही मर्यादा पुढे बदलावी लागेल, असे तीत स्पष्ट लिहिले होते. ज्या माणसाला मी कधी भेटणार नाही, त्याने इतक्या वर्षांपूर्वी माझ्यासाठी निरोप ठेवला होता, याचे मला फार अप्रूप वाटले.

माझ्या मैत्रिणी रिअॅक्ट या वेबसाइटच्या तंत्रावर काम करतात आणि दर दोन वर्षांनी कंपनी स्विच करतात. मला मेनफ्रेमचे अनुभव मागणाऱ्या कंपन्या मोजक्याच आहेत, ही काळजी खरी आहे, म्हणून जावाचा अभ्यास मी सोडलेला नाही. पण हप्ता, मुदत, सरेंडर मूल्य यांचा हिशेब मला आता कोडवरून समजतो आणि हे ज्ञान भाषा बदलली तरी माझ्याजवळ राहील.

पतसंस्थांची सॉफ्टवेअर, कोल्हापूर

आमची कंपनी लहान आहे आणि पतसंस्थांच्या सभासदांची नोंदवही मराठीत ठेवणारे सॉफ्टवेअर तयार करते. मी आलो तेव्हा त्यात एक भलेमोठे फंक्शन होते. एक अक्षर काढून दुसरे घालणाऱ्या ओळींमागून ओळी, आणि टिपणी एकही नाही. हे सगळे काढून युनिकोड या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीचे तयार नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणे) वापरावे, असे ठरत होते. मी आधी ते वाचण्यासाठी वेळ मागितला आणि जुन्या नोंदी घेऊन प्रत्येक ओळ तपासली.

"कऱ्हाड" हे गाव घ्या. पडद्यावर अगदी सारखे दिसणारे हे नाव नोंदींमध्ये तीन प्रकारे साठवलेले होते. कुणी स्वतंत्र ऱ टंकला होता, कुणी साध्या र ला नुक्ता दिला होता, तर कुणी र ला हलन्त देऊन त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह घातले होते. तयार नॉर्मलायझेशन पहिले दोन प्रकार एकरूप करते, तिसऱ्याला हात लावत नाही. म्हणजे तो बदल तसाच केला असता, तर शोध घेतल्यावर कऱ्हाडचे काही सभासद यादीत आलेच नसते. "ॲड." या उपाधीचेही तेच. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, त्यामुळे आधीच्या नोंदींत अ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हे आहेत, आणि नॉर्मलायझेशनच्या दृष्टीने ही दोन रूपे वेगळीच राहतात. काही ओळी तर युनिकोडपूर्व फाँटमधून रूपांतर करताना मात्रा आणि वेलांट्या जागच्या हलल्या होत्या, त्या दुरुस्त करण्यासाठी होत्या. त्या फंक्शनमधल्या प्रत्येक ओळीमागे एखाद्या शाखेतला एखादा कीबोर्ड होता. मी ते फंक्शन काढले नाही. प्रत्येक ओळीवर टिपणी लिहिली, प्रत्येक ओळीसाठी टेस्ट लिहिली आणि नॉर्मलायझेशन त्याच्या आधी जोडले.

हप्त्याच्या आठवणीच्या एसएमएसमध्येही असेच शहाणपण दडलेले सापडले. इंग्रजी संदेशात १६० अक्षरे बसतात, देवनागरीत मात्र ७०, आणि संदेश त्याहून मोठा झाला की त्याचे ६७-६७ चे भाग पडून प्रत्येक भागाचे पैसे वेगळे लागतात. शिवाय "क्षि" हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर असले, तरी मोजणीत चार धरले जातात. आधीच्या प्रोग्रॅमरने मजकुरात केलेली काटकसर मला सुरुवातीला विचित्र वाटली होती, परंतु वयस्कर सभासदांना मराठीतच संदेश मिळावा आणि संस्थेचा खर्चही वाढू नये, यासाठी ती होती.

पुण्यात गेलो तर पगार बराच वाढेल, हे मला माहीत आहे आणि पुढे कदाचित जावेही लागेल. पण मी दुरुस्त केलेला शोध शाखेतल्या कारकून बाई वापरत असताना मी शेजारी उभा असतो, हे मला पुण्यात मिळेल असे वाटत नाही.

लॉजिस्टिक्स, हिंजवडी

आमचा क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. त्यांच्या सकाळी दहाची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसात वाजता असते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर साडेआठ वाजता, कारण तेथे उन्हाळ्यापुरते घड्याळ एक तास पुढे करतात. म्हणजे चार महिने मेसचे जेवण गार झालेलेच मिळते. कोडमध्ये हाच बदल अधिक त्रास देतो, कारण मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी तेथे पहाटे अडीच ही वेळच नसते आणि नोव्हेंबरमध्ये रात्रीचा दीड दोनदा वाजतो. स्थानिक वेळेवर लावलेला जॉब (आपोआप चालणारे काम) त्यामुळे एकदा चुकतो किंवा दोनदा चालतो. आमच्या जुन्या शेड्यूलरमध्ये सर्व वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे ऋतूनुसार न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेत, का ठेवल्या आहेत, हे मला पहिल्या मार्चमध्ये समजले.

माझे मत वेगळे आहे (ठाणे)

वरचे अनुभव मी आदराने वाचले, पण दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. मी ज्या सपोर्ट टीममध्ये होतो, तेथे कोड वाचायला वेळच नव्हता. टिकेट ठरलेल्या मुदतीत बंद करायचे, सर्व्हिस रीस्टार्ट करायची आणि मूळ कारणाचा तपास दुसऱ्या टीमकडे सोपवायचा, एवढेच काम होते. त्यात फिरत्या शिफ्ट असल्याने झोप आणि घर दोन्ही विस्कटले. बाहेर मुलाखतीला गेल्यावर ट्री आणि ग्राफ या डेटाच्या रचनांचे प्रश्न विचारले जात, आणि नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड ऐकून अनेक ठिकाणी बोलणे तेथेच संपत असे. मी पहाटे अभ्यास करून बाहेर पडलो आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. म्हणून नव्या मुलांना माझे सांगणे असे, की सपोर्ट या नावाला घाबरू नका, पण मूळ कोड पाहण्याची आणि बदलण्याची परवानगी तुम्हाला आहे का, हे पहिल्याच महिन्यात विचारा. नसेल तर तेथे फार काळ थांबू नका.

धागाकर्ता

हा भेद फार महत्त्वाचा आहे आणि माझ्या प्रास्ताविकात तो यायला हवा होता. मी ज्याला सपोर्ट म्हणतो आहे, त्यात कोडचा ताबा आपल्याकडे असतो.

जावा, नागपूर

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या लायब्ररीतील (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडमधील) गंभीर त्रुटी जाहीर झाली, तेव्हा मी नोकरीत नवी होते. आपण ही लायब्ररी वापरत नाही, असे बैठकीत अनेकांना वाटत होते, कारण आमच्या कुणीही ती थेट जोडलेली नव्हती. आधीच्या महिन्यांत मला काम कमी असल्यामुळे मी सगळ्या मॉड्यूलांची डिपेंडन्सी ट्री (कोणता कोड कोणत्या लायब्ररीवर अवलंबून आहे याची साखळी) वाचून तिची टिपणे ठेवली होती. त्यावरून ही लायब्ररी दुसऱ्या लायब्रऱ्यांमार्फत कोठून आत आली आहे, हे मी त्याच दुपारी दाखवू शकले. त्या एका महिन्यात दुरुस्तीच्या आवृत्त्या २.१५, २.१६, २.१७ अशा एकामागून एक आल्या आणि प्रत्येक वेळी ती यादी उपयोगी पडली. जगभरातल्या कंपन्या ज्या कोडवर उभ्या आहेत, तो सांभाळणारे लोक बहुतांशी स्वयंसेवक आहेत, हे मला तेव्हा प्रथमच जाणवले आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांना बगचे नीट वर्णन लिहून पाठवण्याची सवय मी तेव्हापासून लावून घेतली.

फिनटेक, मुंबई (पहिलीच नोकरी)

आमच्या टीममध्ये बराचसा कोड आता एआय सहायकाकडून लिहून घेतला जातो. मुद्दा असा, की तोही दुसऱ्याने लिहिलेलाच कोड आहे, फक्त त्याच्या लेखकाला "असे का केले?" हे विचारून भरवशाचे उत्तर मिळत नाही आणि त्याला मागचा इतिहासही नसतो. एका रिव्ह्यूमध्ये (कोडच्या तपासणीत) व्याजाच्या हिशेबाचा असा कोड माझ्यासमोर आला. तो नीटनेटका होता, टेस्टही पार होत होत्या, परंतु रुपये फ्लोटिंग पॉइंटमध्ये धरलेले होते. त्या पद्धतीत ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ न येता ०.३०००००००००००००००४ येते, कारण बहुतेक दशांश अपूर्णांक द्विमानात नेमके बसत नाहीत. आमच्या जुन्या कोडमध्ये सर्व रकमा पूर्णांक पैशांत ठेवलेल्या आहेत आणि मी तो आधी वाचलेला असल्यामुळेच हा फरक मला दिसला. फ्रेशरांना पूर्वी दिली जाणारी लहान कामे आता सहायकाकडे जात आहेत, याची धास्ती माझ्या बॅचमध्ये सर्वांना आहे आणि मलाही आहे. पण रिव्ह्यूला माझे नाव लागते तेव्हा त्या कोडची जबाबदारी माझी असते, आणि वाचल्याशिवाय ती पेलता येत नाही.

तृतीय वर्ष, सांगली

मी अजून शिकत आहे. महाविद्यालयात आम्हाला दुसऱ्याचा मोठा कोड वाचायला कधीच देत नाहीत. नोकरीपूर्वी याचा सराव कसा करावा, हे कुणी सांगेल का?

विमा क्षेत्र, मेनफ्रेम

गिटपासूनच सुरुवात करा. गिटचे जनक लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये केलेले गिटचे अगदी पहिले कमिट आजही त्याच्या इतिहासात आहे आणि ते कुणालाही उघडता येते. त्यात सी भाषेतला सुमारे हजार ओळींचा कोड आहे आणि सात लहान प्रोग्रॅम आहेत. आधी त्यातील रीडमी ही माहितीची फाइल वाचा, कारण ब्लॉब, ट्री आणि चेंजसेट म्हणजे काय हे तेथे लेखकाने स्वतः समजावले आहे. मग फाइलची नोंद करणारा अपडेट-कॅश हा प्रोग्रॅम घ्या आणि एक फाइल त्यातून जाताना कोणत्या फंक्शनमध्ये तिचे काय होते, ते वहीत हाताने लिहीत जा. जेथे अडाल तेथे पुढे न जाता प्रिंटची एक ओळ घालून प्रोग्रॅम चालवा. एवढे जमले की राइट-ट्री आणि कमिट-ट्री फारसे अवघड जाणार नाहीत. अडलेल्या जागा येथेच विचारा, मी रविवारी सकाळी पाहत असते.