आकारावर जाऊ नका, झीज बघा

कानस : माझ्याकडे एक जुनी पक्कड आहे. जबड्यात बारीक दट्ट्या, समोर फिरणारी चकती आणि तिच्यावर ओळीने आकडे. ज्याला दाखवावी तो म्हणतो, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा! अहो, दट्ट्यासमोर भोकच नाही, तुकडा पडणार कुठे? चकतीच्या तिरप्या कडेवर इवलेसे चकचकीत घाव आहेत, धातूवर धातू दाबल्याचे. ही करवतीचे दात एकाआड एक डावी-उजवीकडे वाकवायची पक्कड. आकडे म्हणजे इंचाला दात किती. तेव्हा आकारावरून तर्क लढवणं पुरे झालं. झीज बघा.

सुईदोरा : असहमत. घाव दिसले ठीक, पण 'करवत' कशी सुचली? कधी हातात धरली असेल म्हणूनच ना? फ्रान्समधली निअँडरथल माणसांची हाडाची हत्यारं २०१३ मध्ये जगासमोर आली. जवळपास ५० हजार वर्षं जुनी, टोक गोल आणि गुळगुळीत. चामड्याचे कारागीर आजही तशाच हाडाने चामडं घोटतात. नुसती झीज बघून हे कळलं असतं?

कानस : मग रोमन डोडेकाहेड्रन घ्या. ब्राँझचा, पोकळ, १२ बाजू, बाजूगणिक लहान-मोठं भोक, २० कोपऱ्यांवर २० गोळे. शंभराच्या वर सापडलेत आणि जुन्या लिखाणात त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही. कुणी त्यावर हातमोज्याची बोटं विणून दाखवली की झालं विणकामाचं साधन! विणता येतं म्हणजे विणत होते? वाटीने खिळाही ठोकता येतो.

उगाचच : झीज नाही म्हणजे शोभेची वस्तू. विषय संपला.

कानस : 'माहीत नाही' म्हणायला काय जातं?

सुईदोरा : 'शोभेची', 'मानाची' हाच तर जुना घोळ. भोकं पाडलेले शिंगाचे दांडे सापडले तेव्हा 'सरदाराचा राजदंड' म्हणून मोकळे झाले होते लोक. पुढे २०१५ मध्ये जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत मॅमथच्या सुळ्याची २० सेंटिमीटरची पट्टी निघाली. चार भोकं, आत मळसूत्री खाचा. संशोधकांनी तशीच पट्टी करून भोकांतून पाणकणसाच्या पातीचे पेड ओवले. चार-पाच जणांनी मिळून दहा मिनिटांत पाच मीटर दोर वळला! तुमच्या हिशेबाने हाही मोज्यांचाच खेळ की.

कानस : नाही. तिथे भोकांची झीजही तपासली होती. प्रयोगाला माझी ना नाही, पण पुरावा वस्तूवर हवा. मोजेवाल्यांकडे नेमका तोच नाही.

सुईदोरा : पण तपासायचं काय, हे आधी कुणाला तरी सुचावंच लागतं. तो तर्कच. बरं, तुमच्या पक्कडीत करवत घालून पाहिलीत की नुसतेच घाव बघत बसलात?

कानस : घातली. इंचाला ८ दातांची होती, ८ आकड्यावर बरोबर बसली. एक दात तुटला.

उगाचच : तरी म्हणत होतो, शोभेलाच ठेवा.