चांगल्या ॲव्हरेजसाठी कोणत्या डिझाइनचं इंजिन घ्यावं? (वापरलेली गाडी, बजेट मर्यादित)

मृण्मयी_प्र (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. माझी सध्याची गाडी ११ वर्षांची आहे, साधं १.६ लिटर पेट्रोल इंजिन. पूर्वी १५ चं ॲव्हरेज द्यायची, गेल्या हिवाळ्यापासून १२ च्या वर जायचं नाव घेत नाही. रोजचं रनिंग ६० किमी, निम्मं शहरातल्या गर्दीत आणि निम्मं मोकळ्या हायवेवर.

आधीच सांगते, नवी गाडी बजेटमध्ये बसत नाही. पाच-सहा वर्षं वापरलेलीच घेणार. राहते तिथे चार्जिंगची सोय नाही. डिझेल नको.

इंजिनांच्या वेगवेगळ्या डिझाइन्सबद्दल गेले दोन आठवडे वाचतेय. ॲटकिन्सन, मिलर, रोटरी, बदलत्या कॉम्प्रेशनचं, अर्धे सिलिंडर बंद करणारं. वाचून डोकं गरगरायला लागलंय. तुमच्यापैकी कोणी यातलं काय खरोखर चालवलंय? कागदावरचे आकडे नकोत, टाकी फुल करून काढलेले हवेत.

टर्बो_समीर
डोळे झाकून छोटं टर्बो (सिलिंडरमध्ये हवा दाबून भरणारं छोटं इंजिन) घ्या. माझी १.० लिटर तीन सिलिंडर टर्बो, हायवेला ९० च्या स्पीडला २१ देते. दोनदा टाकी फुल करून मोजलंय. पिकअप तर जुन्या १.६ ला लाजवेल असा. आणि वापरलेली कशाला? थोडं थांबा, पैसे जमवा आणि नवीच घ्या, वॉरंटी तरी मिळेल.

जुनी_टाकी
समीरराव, ९० च्या स्पीडला सगळ्याच गाड्या देतात हो. गर्दीत काय देते ते सांगा.

माझंही डायरेक्ट इंजेक्शन टर्बोच होतं. ७० हजार किमीला सकाळी स्टार्ट केल्यावर थरथरायला लागलं, ॲव्हरेज पडलं. मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा पाइप) उतरवल्यावर मी स्वतः आत बॅटरी मारून पाहिलं. इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यावर काळा, चिकट, भाजल्यासारखा थर. बोटाच्या नखाने निघेना. कारण सोपं आहे. अशा इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतलेच जात नाहीत. तेलाची वाफ येते आणि तिथेच करपते. शेवटी अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून साफ करावं लागलं. वापरलेली घेणाऱ्याच्या गळ्यात ही सगळी साफसफाई पडते. माझं मत, साधं नॅचरली ॲस्पिरेटेड, म्हणजे टर्बो नसलेलं इंजिन घ्या आणि सुखात राहा.

शून्य_धूर
इंजिनाचं डिझाइन शोधण्यात वेळ घालवू नका, इलेक्ट्रिक घ्या. मी दोन वर्षांपूर्वी बदललो, पेट्रोल पंपाचा रस्ताही विसरलोय.

मृण्मयी_प्र
@शून्य_धूर, चार्जिंगची सोय नाही असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. सोय असती तर हा धागा काढलाच नसता.

रोटर_९१
रोटरीचं (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतो ते इंजिन) नाव निघालं म्हणून लिहितो. आठ वर्षं वापरली मी. पिस्टनचं वर-खाली धडपडणं नाही, व्हॉल्व्ह नाहीत, ९००० आरपीएमला शिवणयंत्रासारखा आवाज. १९९१ ला ल मान्सची २४ तासांची शर्यत माझ्दा ७८७बी ने चार रोटरच्या इंजिनावर जिंकली आणि त्या शर्यतीत इंधनाला कोटा होता! म्हणजे रोटरी पेट्रोल पिते ही बदनामी आहे. चांगली सांभाळलेली मिळाली तर जरूर घ्या.

काटेकोर
तीच गाडी ८३० किलोला उतरली होती आणि बऱ्याच प्रतिस्पर्ध्यांना १००० किलोची अट होती, हेही सांगा ना. तुमची स्वतःची किती द्यायची?

रोटर_९१
७ ते ८. पण मी ती सावकाश चालवायला घेतलीच नव्हती. वर दर टाकीला थोडं इंजिन ऑइल टाकावं लागायचं हेही प्रामाणिकपणे सांगतो, ते डिझाइनमध्येच आहे, रोटरच्या टोकाच्या सीलना वंगण म्हणून. तरी आज समोर आली तर पुन्हा घेईन.

उष्मा_मास्तर
औष्णिक इंजिनं हा माझा शिकवण्याचा विषय, म्हणून जरा लांब लिहितो.

रोटरीचं दुखणं आकारात आहे. तिचा ज्वलनाचा कप्पा लांबट आणि चपटा, शिवाय रोटरबरोबर सरकत जाणारा. घनफळाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून उष्णता भिंतीत जाते आणि कोपऱ्यातलं मिश्रण धड जळत नाही. १९६७ पासून माझ्दाने यावर जीव ओतला, पण भूमिती कशी बदलणार? २०२३ मध्ये त्यांनी ८३० सीसीचा एकच रोटर परत आणला तो फक्त जनरेटर म्हणून. चाकाला जोडलेलाच नाही.

आता मुख्य मुद्दा. पेट्रोलच्या गाडीत टाकीतल्या शंभर भाग ऊर्जेपैकी ढोबळमानाने २० ते ३० चाकापर्यंत पोहोचतात. बाकीची सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे जाते. आणि गर्दीत आणखी एक चोर असतो, थ्रॉटल. तुम्ही ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम ठेवता तेव्हा हवेची वाट जवळजवळ बंद असते आणि पिस्टन त्या फटीतून हवा ओढत असतो. नाकातोंडावर रुमाल दाबून जिना चढण्यासारखं आहे ते. त्यामुळे हलक्या लोडवर कोणतंही पेट्रोल इंजिन वाईटच चालतं. तुम्ही विचारलेली बहुतेक डिझाइन्स याच चोराच्या मागे लागलेली आहेत. छोटं टर्बो काय करतं? इंजिनच लहान करतं, म्हणजे त्याला रोजचं कामही जड वाटतं आणि थ्रॉटल जास्त उघडा राहतो. अर्धे सिलिंडर बंद करण्यामागेही हाच विचार.

जेम्स ॲटकिन्सनने १८८० च्या दशकात वेगळी युक्ती केली. दांड्यांच्या करामतीने दाबण्याचा फेरा आखूड आणि फैलावण्याचा लांब ठेवला, म्हणजे जळलेल्या वायूतून शेवटचा थेंब पिळून घेता येतो. आज त्या दांड्या नाहीत. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करतात, पिस्टन वर येताना थोडी हवा परत बाहेर ढकलतो. १९९७ च्या पहिल्या प्रियसमध्ये (टोयोटाची हायब्रिड) हेच होतं आणि २०१५ च्या चौथ्या पिढीत त्याच युक्तीने ४०% औष्णिक कार्यक्षमता गाठली. तोटा एवढाच की खालच्या आरपीएमला ताकद कमी पडते, म्हणून सोबत विजेची मोटर हवी, म्हणजेच हायब्रिड.

काटेकोर
मास्तर, व्हॉल्व्ह उशिरा बंद करणं म्हणजे मिलर सायकल. राल्फ मिलरचं पेटंट १९५७ चं. ॲटकिन्सनचं नाव फक्त जाहिरातीत गोड लागतं.

उष्मा_मास्तर
मिलरची कल्पना सुपरचार्जरसह (इंजिनाच्याच जोरावर हवा दाबून भरणारा पंप) होती. १९९३ मध्ये माझ्दाने मोटारगाडीत आणली तीही सुपरचार्जर लावूनच. म्हणून विनाचार्जरला ॲटकिन्सन म्हणण्याचा प्रघात पडला.

काटेकोर
प्रघात म्हणजे बरोबर असं नव्हे.

टर्बो_समीर
छोटं टर्बो तेच काम करतं हे मास्तरांनीही मान्य केलं. +१.

जुनी_टाकी
आणि काजळीबद्दल काहीच म्हणाले नाहीत.

गॅरेज_काका
ताई, ॲव्हरेज १५ वरून १२ वर आलं म्हणता. गाडी बदलायची ती बदला, पण आधी एक सांगा. टेंपरेचरचा काटा कुठे असतो? हायवेला लागल्यावर खाली येतो का?

आमने_सामने
भविष्य ऑपोज्ड पिस्टनचं आहे. एका सिलिंडरमध्ये समोरासमोर दोन पिस्टन, सिलिंडर हेडच नाही, म्हणजे उष्णता पळायला तेवढा पृष्ठभागच कमी. १९३० च्या दशकात युंकर्स जुमो २०५ हे विमानाचं डिझेल असंच होतं, ६ सिलिंडर आणि १२ पिस्टन. इतकं उत्तम डिझाइन मोटारींनी का उचललं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मृण्मयी_प्र
@आमने_सामने, वाचायला फार आवडलं, पण हे वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात मिळत नाही ना!

@गॅरेज_काका, लक्षच दिलं नव्हतं कधी. आज पाहिलं. गर्दीत पाव रेघेच्या थोडा वर, हायवेला लागल्यावर दहा मिनिटांत पाव रेघेच्याही खाली. पूर्वी बरोबर मध्ये असायचा का, ते आठवत नाही.

गॅरेज_काका
थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, उघडा अडकलाय. सकाळी थंड गाडी स्टार्ट करा, बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या नळीवर सांभाळून हात ठेवा, फिरत्या पट्ट्यापासून आणि पंख्यापासून हात दूर. बहुतेक गाड्यांत ती आधी काही मिनिटं गारच राहते आणि मग एकदम तापते. तुमची पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जाईल. इंजिन थंडच आहे असं कॉम्प्युटरला वाटतं, तो पेट्रोल जास्त सोडतो. वर ऑइलही दाट राहतं. मुठीत मावेल एवढा पार्ट आहे. यासाठी लोक गाड्या विकतात हे बघून जीव तुटतो माझा.

जलशक्ती
पाण्यापासून हायड्रोजन करून इंजिनात सोडायचं किट मी बसवलं होतं. विकणाऱ्याने ३०% बचत सांगितली. पहिल्या महिन्यात फरक जाणवला, मग काही नाही. पुढे काचेच्या बाटलीतलं पाणी तपकिरी झालं आणि रिले जळला. कोणाचं चांगलं चाललंय का?

उष्मा_मास्तर
चालणार नाही. पाणी फोडायला वीज अल्टरनेटरकडून येते, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं, इंजिनाला पेट्रोल लागतं. हायड्रोजन जळून पुन्हा पाणीच होतं आणि प्रत्येक पायरीला गळती. पहिल्या महिन्यात फरक जाणवला, कारण त्या महिन्यात तुम्ही ॲव्हरेजवर लक्ष ठेवून हलक्या पायाने चालवलीत. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, पेट्रोल वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त उपकरणं तपासली आहेत. त्यांतल्या अगदी थोड्यांनी काही फरक दाखवला, तोही किरकोळ.

सहा_मधले_तीन
अर्धे सिलिंडर बंद करणाऱ्याबद्दल माझा अनुभव. ९० हजाराला एका सिलिंडरचा लिफ्टर (व्हॉल्व्ह उचलणारा पार्ट) अडकला, टक-टक आवाज सुरू झाला आणि कॅमशाफ्टही खाल्ला. इंजिन अर्धं उघडावं लागलं. १९८१ मध्ये कॅडिलॅकने ८-६-४ असं, म्हणजे गरजेप्रमाणे ८, ६ किंवा ४ सिलिंडर चालवणारं इंजिन केलं होतं, तेही फसलं. चाळीस वर्षांत काय सुधारलं म्हणायचं?

काटेकोर
बरंच. तेव्हाची इलेक्ट्रॉनिक्स कमी पडली होती, कल्पना चुकीची नव्हती. २०१२ पासून फोक्सवॅगनच्या १.४ लिटरमध्येही ही सोय आली.

नव्याचा_शौक
निसानचं बदलत्या कॉम्प्रेशनचं टर्बो कोणीच सुचवलं नाही? मिश्रण किती पट दाबायचं ते ८:१ ते १४:१, चालता चालता बदलतं. क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या मध्ये एक जास्तीचा दुवा आहे. मागच्या महिन्यात मोठी एसयूव्ही घेतली त्यातली. अप्रतिम! नवीच घ्या.

जुनी_टाकी
बजेट, बजेट! आणि ताई, हायब्रिडच्या नादी लागू नका. सहा वर्षांची म्हणजे बॅटरी आज गेली की उद्या गेली.

टर्बो_समीर
बॅटरीबद्दल सहमत. वापरलेली हायब्रिड नको.

गॅरेज_काका
मीही नको म्हणेन. थर्मोस्टॅट बदला आणि हीच वापरा.

उष्मा_मास्तर
तत्त्व म्हणून हायब्रिड उत्तम, पण वापरलेलीची बॅटरी न तपासता हो म्हणवत नाही.

मृण्मयी_प्र (तीन आठवड्यांनी)
सगळ्यांचे आभार, प्रत्येक प्रतिसाद दोनदा वाचला. काकांचं निदान अचूक निघालं. जुना थर्मोस्टॅट काढून हातात दिला, मधली चकती तिरकी अडकून कायमची उघडी. नवा टाकल्यावर काटा मध्ये स्थिर, आणि दोन टाक्यांचं ॲव्हरेज १४.६.

तरीही गाडी बदलली. सहा वर्षांची हायब्रिड घेतली, १.८ लिटर ॲटकिन्सन. रागावू नका, कारण सांगते. मास्तरांनी थ्रॉटलचं लिहिलं ते डोक्यात बसलं होतं. विकणाऱ्यांनी माझ्याच रस्त्यावर, माझ्याच ऑफिसच्या वेळी चालवू दिली. गर्दीच्या पट्ट्यात मी मोबाइलवर दोन घड्याळं लावायला बहिणीला शेजारी बसवलं, एक इंजिन चालू असताना, एक बंद असताना. ४१ मिनिटांत इंजिन २३ मिनिटं बंद होतं. माझी जुनी गाडी त्या २३ मिनिटांत रुमाल दाबून श्वास घेत उभी राहिली असती.

बॅटरीची भीती मलाही होती. जाणकाराकडून प्रत्येक ब्लॉकचं व्होल्टेज तपासून घेतलं, सगळे एकमेकांच्या जवळपास. मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीला हवा घेणारी जाळी असते, ती उघडली तर लोकरीसारखा राखाडी गोळा निघाला, त्यात कुत्र्याचे केस. आधीचे मालक म्हणाले, तिथे जाळी आहे हेच माहीत नव्हतं. साफ केल्यावर पंख्याचा आवाज निम्म्यावर आला.

पहिली टाकी: एकूण २१.८. शहरात २३ च्या आसपास, हायवेला मात्र १९.५.

टर्बो_समीर
हायवेला माझी २१ देते.

जुनी_टाकी
दोन वर्षांनी बॅटरीचं काय झालं ते इथेच लिहा. अभिनंदन.

गॅरेज_काका
जुनी कोणाला दिली? नव्या थर्मोस्टॅटसकट गेली ना?

मृण्मयी_प्र
मावसभावाला दिली, काका. काटा कुठे असायला हवा ते डॅशबोर्डवर छोटं स्टिकर लावून दाखवलंय. आणि ती बॅटरीची जाळी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उघडते, परवाच्या वेळी बोटाच्या टोकाएवढाच कचरा निघाला.

रोटर_९१
कोणाकडे जुन्या रोटरीचे टोकाचे सील असतील तर व्यनि (वैयक्तिक निरोप) करा.